बाहेरचा स्कॅनर लावला म्हणून वॉरंटी रद्द? पिकअप बनवणाऱ्या कंपनीला एका गोंयकार मालकाचं खुलं पत्र

प्रति,
सेवा विभागप्रमुख,
आमच्या पिकअप गाड्या बनवणारी कंपनी

महोदय,

तुमच्या गोव्यातल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये, बिलं भरायच्या खिडकीशेजारी, एक सूचना लावली आहे. बाहेरच्या गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) जोडल्याचं आढळलं तर गाडीची वॉरंटी रद्द समजली जाईल, हा तिचा पहिला भाग. आमच्या भागातलं छोटं सेवा केंद्र बंद केलं असून सगळ्या गाड्या मुख्य वर्कशॉपलाच आणाव्यात, हा दुसरा. खाली सही कोणाची नाही. विचारलं तर "वरून आलंय" एवढंच उत्तर मिळतं. वर कोण बसतं आणि त्यांच्यापर्यंत अर्ज कसा पोहोचवायचा हे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितो आहे.

कंपनीचं नाव यात घातलेलं नाही. इतर कंपन्यांच्या पिकअप चालवणाऱ्या सोबत्यांना मसुदा वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: वरचा पत्ता कोरा ठेव, आम्हीही आमच्या कंपनीला पाठवतो.

मी डिचोली तालुक्यातला. खाणी चालू होत्या तेव्हा माझा टिप्पर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे थोड्याफार सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण-लीज रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा सगळं थांबलं. पाळी, वेळगे, सुर्ल, होंडा या पट्ट्यात त्या वर्षी दारोदार टिप्पर उभे होते आणि घेणारा कोणी नव्हता. मिळेल त्या भावाला तो विकून मी पिकअप घेतली. माझ्यासारखे आमच्या भागात पुष्कळ आहेत. सत्तरीतली केळी, नारळ, सुपारी म्हापशाला आणि फोंड्याला पोचवायची, उन्हाळ्यात काजूबिया, गणेश चवथीच्या आधी माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मंडपीचं) सामान, लग्नसराईत मंडप आणि खुर्च्या, आणि वर्षभर चोर्ल्याच्या घाटाने बेळगावची भाजी. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचा पुतळाही आमच्याच हौद्यात उभा राहून गावभर फिरतो, पण त्याचं भाडं मागायचं नसतं. गोव्याच्या बाजारात जे काही हलतं, त्यातलं बरंचसं अशा गाड्यांवर हलतं. त्या बंद पडल्या की पहिली झळ बाजाराला लागते, तुमच्या विक्रीच्या आकड्यांना नाही.

आमचा संघ नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. सकाळी माल उतरवून झाला की साखळीत भाजीपाव खाताना चार मालक आणि एखादा मिस्त्री भेटतात, तेवढीच आमची सभा. पण या सभेत गाडीबद्दल जे कळतं ते तुमच्या काउंटरवर कधी कळलेलं नाही. नमुन्यादाखल थोडं सांगतो, म्हणजे स्कॅनर कोणाच्या हातात पडायची भीती तुम्हाला वाटते आहे, ते ध्यानात येईल.

रिकामी पिकअप पहिल्या पावसात चोर्ल्याच्या वळणावर मागून सरकते. वजन सगळं पुढे, ओढ मागच्या चाकांना आणि मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) भरलेल्या गाडीच्या हिशेबाने कडक. म्हणून जूनमध्ये आमच्या हौद्यांत चार-सहा चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, दिसतात. तेही मागच्या फाळक्याला टेकून नाही, बरोबर मागच्या ॲक्सलवर आणि दोरीने बांधलेले. मोकळा चिरा ब्रेक मारल्यावर कुठे जातो ते केबिनच्या मागच्या काचेला विचारावं.

मागच्या ब्रेकचा लोड वॉल्व्ह हे त्याहून महत्त्वाचं प्रकरण. चॅसी आणि ॲक्सल यांच्यात अंतर किती उरलं यावरून तो गाडीत वजन किती आहे ते ओळखतो आणि मागच्या चाकांना तेवढाच ब्रेक देतो. आमचे लोक जास्त वजनासाठी मागे एक पाटा वाढवून घेतात. मग गाडी भरली तरी मागून बसत नाही, वॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, आणि भरलेली गाडी घेऊन केरीकडे उतरताना पुढच्या चाकांतून वास येऊ लागतो. पाटा वाढवला की वॉल्व्हची दांडी पुन्हा जुळवून घ्यावी लागते, हे आम्हाला होंड्याच्या एका मिस्त्रीने शिकवलं. खरं तर पाटा वाढवूच नये, हेही त्यानेच सांगितलं. त्याचं गिऱ्हाईक त्यामुळे कमी झालं असेल, पण घाटात आजवर आमच्यातला कोणी गेला नाही.

मालिम जेटीवरून मासळी नेणारे सांगतात की बर्फाचं खारट पाणी हौद्यातून गळून चॅसीवर पडतं आणि ब्रेकचे पाइप आतल्या आत खातं. ते रोज गोड्या पाण्याने खालून गाडी धुतात, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का पाहतात. काही जण चॅसीला जुनं इंजिन ऑइल फासतात, तर दुसरे त्यांना ओरडतात की ते रबरी बुशांना लागलं तर बुश फुगून जातील. उंदीर वायरिंग कुरतडतात म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवायची, हा आणखी एक उपाय. तो माझ्या गाडीवर चालला नाही. आमच्याकडच्या उंदरांना बहुतेक तंबाखूची सवय आहे.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार सायलेन्सरमधल्या काजळीच्या फिल्टरची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला आणि डिझेल गाड्यांना हा फिल्टर लागला. धूर कमी झाला, ते चांगलंच झालं. पण हा फिल्टर काजळी साठवतो आणि ती वेळोवेळी जाळावी लागते. त्यासाठी आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि गाडी बऱ्यापैकी वेगाने पंधरा-वीस मिनिटं न थांबता चालावी लागते. आता आमचा मुलूख पाहा. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. माझी निम्मी भाडी गावातून बाजारात आणि बाजारातून गावात. म्हापशाहून पणजीला जायचं तर पर्वरीच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गियरवर. चोडणला किंवा दिवाडीला माल असला तर फेरीबोटीच्या रांगेत इंजिन बंद, बोटीत बंद, पलीकडे चढून दोन मिनिटांत पुन्हा बंद. काजळी जाळायचं काम अर्ध्यावर सुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा सुटतं. अशा वेळी जाळण्यासाठी जे जादा डिझेल इंजिनात सोडलेलं असतं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. नवा मालक खूश होतो, की गाडी ऑइल खात नाही. प्रत्यक्षात ऑइल पातळ होऊन टर्बो आणि बेअरिंगं खराब व्हायला लागलेली असतात.

गाडीची किल्ली देताना तुमच्या माणसाने हार घातला, नारळ फोडला, पेढे दिले. डिपस्टिकवर ऑइल वाढलं तर गाडी चालवू नका, हे वाक्य बोलला नाही. आयडलिंग आपोआप चढलं आणि सायलेन्सरकडून गरम वास आला तर काजळी जळते आहे, तेव्हा इंजिन बंद करू नका, हेही नाही. राख कमी सोडणारंच ऑइल घाला, कारण काजळी जळते पण ऑइलची राख फिल्टरात कायमची बसते, हेही नाही. आणि मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत वाळलेल्या पाचोळ्यावर तापलेली गाडी उभी करू नका, हे तर आमच्या भागात पहिल्यांदा सांगायला हवं होतं. पुस्तिकेत यातलं काही काही आहे. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, म्युझिक सिस्टीमच्या माहितीनंतर.

दुसरी तक्रार थेट त्या सूचनेबद्दल. वाळपईच्या एका सोबत्याची गाडी चवथीच्या तोंडावर माटोळीच्या सामानाने भरलेली असताना उचलेनाशी झाली. दिवा पेटला, वेग चाळिशीच्या वर जाईना. अधिकृत वर्कशॉपने फिल्टर बदलायचं अंदाजपत्रक हातात ठेवलं. आकडा सहा अंकांना टेकणारा, वॉरंटीत बसणार नाही, आणि फिल्टर यायला चवथ उलटून जाईल. त्याने गाडी तशीच आमच्या मिस्त्रीकडे आणली. मिस्त्रीच्या स्कॅनरवर पी २४५३ हा बिघाडाचा कोड आला. पी २४६३ म्हणजे फिल्टरात काजळी साचली आहे, आणि पी २४५३ म्हणजे फिल्टरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्याच वाचनात गडबड आहे. या दोन आकड्यांतला फरक वर्कशॉपला माहीत नसेल असं मी मानत नाही. सेन्सरकडे जाणारी बोटाएवढी रबरी नळी उष्णतेने तडकली होती. नळी बदलली, कोड पुसला, सामान वेळेत पोचलं.

नव्या सूचनेप्रमाणे त्या सोबत्याची वॉरंटी आज रद्द ठरेल, कारण कोड वाचणारं यंत्र तुमचं नव्हतं. घरच्या माणसाचा ताप घरी थर्मामीटर लावून पाहिला, म्हणून कोणी डॉक्टर उपचार नाकारत नाही. बाहेर चुकीचं काम झालं आणि त्यामुळे एखादा भाग बिघडला, तर त्या भागाची वॉरंटी नाकारा, आमचं काही म्हणणं नाही. पण नुसता कोड वाचल्याने गाडीतलं काहीच बदलत नाही.

आणि जिथे बाहेरचा मिस्त्री खरोखरच अडतो, ते कुलूप तुम्हीच लावलेलं आहे. साचलेली काजळी उभ्या गाडीत जाळायचा आदेश द्यायचा, डिझेल फवारणारा नवा इंजेक्टर बसवला की त्याचा कोड संगणकात भरायचा, दुसरी चावी जुळवायची, ही कामं तुमच्या सॉफ्टवेअरशिवाय होत नाहीत. ते सॉफ्टवेअर पैसे मोजूनही मिळत नाही. मिस्त्रीने विचारलं होतं. त्याला पत्राचं उत्तरसुद्धा आलं नाही.

तिसरी, सुट्या भागांची. कनेक्टर खराब झाला तर कनेक्टर मिळत नाही, अख्खं वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांचा पूर्ण जुडगा, घ्यावं लागतं. नळी वेगळी मिळत नाही, सेन्सरसकट घ्या म्हणतात. आणि सेन्सर गोव्यात नसतो, "मागवलाय" हे ठरलेलं उत्तर. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या राज्यात पावसाळ्यात कोणते भाग जातात ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही: वायपरची मोटर, कनेक्टर, व्हील बेअरिंगं, क्लच आणि डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर. हे मे महिन्यातच आणून ठेवायला काय हरकत आहे? गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही.

सेवा केंद्र बंद केल्याबद्दल जास्त लिहीत नाही. नकाशा काढून केरी आणि वाळपई कुठे आहे आणि तुमचं वर्कशॉप कुठे आहे ते पाहा. जी गाडी चाळिशीच्या वर जात नाही, ती तिथवर कशी न्यायची, एवढं फक्त सांगा.

शेवटची तक्रार एका वाक्याची आहे, जे आमच्यातल्या अनेकांनी काउंटरवर ऐकलं आहे: "कमर्शियल गाडी आहे, तुम्हाला ग्राहक कायदा लागू नाही." हे खरं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यावसायिक वापर वगळला आहे. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका कमावण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरायची नाही. एक गाडी, मालकच ड्रायव्हर, घर त्यावरच चालतं. ते स्पष्टीकरण आमच्यासारख्यांसाठीच आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला होता. कंपन्या अपिलात गेल्या, ते चालायचंच. पण स्वतंत्र गॅरेजला माहिती, साधनं आणि भाग मिळायला हवेत हा मुद्दा तेव्हाच सरकारी कागदावर आला. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. त्यात निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारगाड्या आहेत. तुमची सूचना याच्या बरोबर उलट्या दिशेची आहे.

तुमच्या बाजूने बोलण्यासारखंही आहे आणि ते मी बोलणार. काही गॅरेजवाले फिल्टर कापून आतलं काढून टाकतात, संगणकात फेरफार करून दिवा बंद करतात आणि "आता गाडी बघ कशी पळते" म्हणतात. हे बेकायदा आहे, आणि तो धूर आमच्याच पोरांच्या नाकात जातो. काही मालक कागदावरच्या वजनाच्या दुप्पट चिरे भरतात आणि क्लच जळाला की वॉरंटी मागायला येतात. त्यांना खुशाल परत पाठवा. पण त्यांच्या नावाने सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका. उलट, फिल्टर कापायची पाळी का येते ते पाहा. सरळ मार्गाने फिल्टर साफ करून देणारा आसपास कोणी नसला आणि नव्याची किंमत ऐकून घाम फुटला, की माणूस वाकड्या मार्गाकडे वळतो. आमच्या मिस्त्रीला काजळी जाळायचा आदेश देता आला, तर कापणाऱ्याचं दुकान निम्मं बसेल.

तर आमचं मागणं असं. ती सूचना मागे घ्या, आणि नुसता कोड वाचण्याने वॉरंटीला बाधा येत नाही असं सहीनिशी लिहून द्या. ठरावीक शुल्क घेऊन, हवं तर प्रशिक्षण देऊन, स्थानिक गॅरेजांना काजळी जाळणं, इंजेक्टर कोड आणि चावी जुळवणं एवढ्या तीन कामांपुरतं तुमचं सॉफ्टवेअर खुलं करा. कोणी कधी काय केलं याची नोंद गाडीच्या संगणकात राहू दे, प्रामाणिक मिस्त्रीला त्याची अडचण नाही. नळी, कनेक्टर, सेन्सर सुटे विका आणि पावसाळ्याआधी त्यांचा साठा गोव्यात ठेवा. गाडी देताना फिल्टर, ऑइल आणि लोड वॉल्व्ह यांची माहिती मराठीत आणि कोंकणीत एका पानावर द्या, आणि पेढ्यांच्या आधी ती वाचून दाखवा. वॉरंटी नाकारायची तर कारण, कोड आणि स्कॅनरचं वाचन छापून द्या; "ओव्हरलोड" असं तोंडी सांगू नका. सेवा केंद्र पुन्हा उघडेपर्यंत आठवड्यातून एकदा साखळीला किंवा वाळपईला फिरती गाडी पाठवा. जागा आम्ही देतो.

यातली एकही मागणी फुकटाची नाही.

पत्राची प्रत स्पीड पोस्टने तुमच्या मुख्य कार्यालयाला पाठवली आहे. महिनाभर वाट पाहू. नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू आणि तिथे निभावलं नाही तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. त्यासाठी कागद जमवायला घेतले आहेत. हे वाचणाऱ्या पिकअप मालकांनी आपापली जॉब कार्डं, अंदाजपत्रकं आणि बिलं फेकू नयेत. थर्मल कागदावरची छपाई पावसाळ्यात उडून जाते, म्हणून त्यांची झेरॉक्स आजच काढून ठेवावी.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक पिकअप मालक